पाव : एक शब्द, तीन वंश

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत अवघ्या दोन अक्षरांचा एक शब्द आहे : पाव. दुकानात उभा राहून मनुष्य म्हणतो, "पाव किलो शेव आणि सहा पाव द्या." त्याच दिवशी संध्याकाळी देवळात हात जोडून तोच मनुष्य म्हणतो, "देवा, आता तरी पाव." एका दिवसात एकाच तोंडून निघालेल्या या तीन पावांपैकी पहिला मापाचा, दुसरा खाण्याचा आणि तिसरा कृपेचा. बोलणाऱ्याला अडखळायला होत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. वाक्यातली जागाच अर्थ सांगून जाते. संख्येचा पाव विभक्तीचे प्रत्यय सहसा घेत नाही. खाण्याचा पाव घेतो, त्याचे पावाला, पावात, पावाचा असे होते. आणि प्रार्थनेतला पाव हे तर क्रियापदाचे आज्ञार्थी रूप.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलापुढे मात्र चौथा शब्द येतो. इंदूर, भोपाळ वा दिल्लीत रस्त्यावरच्या हिंदीत 'पाँव' म्हणजे पाय. आणि मग कधीतरी त्याला ती सुप्रसिद्ध कथा ऐकवली जाते : पावाला पाव म्हणतात, कारण त्याचे पीठ पायाने तुडवतात. कोलकात्यातही 'पाउरुटी'बद्दल अगदी हीच कथा सांगितली जाते. कथा हसत हसत सांगितली जाते, पण तिचा हेतू पुष्कळदा हसण्याचा नसतो. एका अन्नाविषयी आणि ते भाजणाऱ्या माणसांविषयी किळस निर्माण करण्याचे काम तिने दीर्घकाळ केले आहे. म्हणून हा दोन अक्षरांचा शब्द कोठून आला, याची चौकशी कोशाच्या पानापुरती राहत नाही.

आरंभ मापाच्या पावापासून करणे सोयीचे, कारण त्याचे घराणे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे आहे. संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. गाय, घोडा, बैल हे चतुष्पाद. चार पायांतला एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, या साध्या निरीक्षणातून 'पाद' या शब्दाला 'चतुर्थांश' हा दुसरा अर्थ मिळाला. श्लोकाला चार चरण असतात, त्यांना पाद म्हणतात. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त आठ अध्याय आहेत आणि प्रत्येक अध्यायाचे चार पाद, म्हणून एकूण पाद 32. पतंजलीची योगसूत्रे चार पादांत विभागलेली आहेत. धर्म कृतयुगात चार पायांवर उभा होता आणि पुढे प्रत्येक युगात त्याचा एकेक पाय गळाला, ही पुराणातली कल्पनाही याच हिशोबाची. तिच्यात धर्म बैल आहे आणि अपूर्णांकही आहे.

संस्कृतातला 'पाद' प्राकृतात येताना त्याचा मधला 'द' झिजून गेला आणि 'पाअ' उरला. दोन स्वर लागोपाठ आले की तोंडाला ते अवघड जाते, म्हणून मध्ये एखादा हलका वर्ण सरकवला जातो. मराठीने येथे मोठी सोय करून घेतली. शरीराच्या अवयवासाठी मध्ये 'य' घातला आणि 'पाय' केला. चौथ्या हिश्श्यासाठी 'व' घातला आणि 'पाव' केला. म्हणजे 'पाय' आणि 'पाव' ही एकाच आईची दोन मुले आहेत, फक्त वेगवेगळ्या घरी दिलेली. हिंदीने अवयवाकडेही 'व'च ठेवला आणि त्यावर अनुनासिक चढवून 'पाँव' आणि 'पाव' असा भेद केला. बंगालीत अवयव 'पा' आणि चौथा हिस्सा 'पोआ'. गुजरातीत उलट चौथा हिस्सा 'पा' झाला, पंधरा मिनिटांना 'पा कलाक' म्हणतात, आणि पायासाठी 'पग' हा निराळाच शब्द रूढ झाला. बडोद्यातले मराठी मूल घरी 'पाव तास' म्हणते आणि फाटकाबाहेर 'पा कलाक'. दोन्ही एकच.

या घराण्याची मुले मराठीत किती पसरली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासहित. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पाव उणा. यात गंमत अशी की 'पाऊण' या शब्दात 'एक' कोठेच उच्चारलेला नाही. एकातून पाव उणा, हे बोलणाऱ्याने मनातच धरायचे. तोच 'पादोन' पुढे 'पावणे' होऊन दोन, तीन, चार यांच्या मागे लागला आणि 'पावणेदोन', 'पावणेतीन' सिद्ध झाले. चार आण्यांची 'पावली' याच कुळातली. जुना रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पयांचा. त्या सर्वांत धाकट्या 'पै'चे मूळही पादाकडेच जाते. 'पायरी', 'पायथा', 'पाऊल' हे सख्खे नातेवाईक. 'पायजमा' मात्र शेजारच्या वाड्यातून आला : फारसीतला 'पाय' आणि 'जामा', म्हणजे पायांचे वस्त्र. पण फारसीतला 'पाय' आणि संस्कृतातला 'पाद' हे स्वतःच जुने भाऊबंद असल्याने हा पाहुणा परका वाटला नाही.

एकेकाळी मराठी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेतली जाई. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे ते पाढे. आज त्यांतली 'औटकी' ऐकून पुष्कळांना हा कोणत्या भाषेतला शब्द असे वाटेल. 'औट' म्हणजे साडेतीन, आणि तो 'अर्धचतुर्थ' या संस्कृत शब्दाचा झिजलेला अवशेष आहे : ज्यातला चौथा अर्धाच आहे असा. त्याच रीतीने 'अडीच' म्हणजे 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. आणि 'दीड' म्हणजे 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा. अपूर्णांक मोजण्याची ही तऱ्हा फार जुनी आहे. मागे किती झाले ते न सांगता पुढचा किती भरला ते ती सांगते. दशमान पद्धतीने हे पाढे निरुपयोगी ठरवले. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे काही वर्षांतच शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम आला. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पाव म्हणजे वीस तोळे, सुमारे 233 ग्रॅम. गावोगावचे शेर निरनिराळे असल्याने पावशेरही निरनिराळा असे. किलो आल्यावर पाव सर्वत्र 250 ग्रॅमांचा झाला. शेर गेला, पण पाव टिकला, कारण तो मुळात वजनाचे नाव नव्हताच. तो हिश्श्याचे नाव होता आणि कोणत्याही वजनाला चिकटू शकत होता. पंचवीस पैशांचे नाणे 30 जून 2011 पासून चलनातून गेले. त्यासोबत पावलीही बोलण्यातून जवळजवळ गेली.

येथे दक्षिणेकडे वळणे भाग आहे. बेळगाव, हुबळी, बंगळूर, चेन्नई येथील मराठी मुलांना ही गोष्ट आपोआप ठाऊक असते, पण तिच्याकडे लक्ष गेलेले नसते. कन्नडमध्ये 'कालु' म्हणजे पाय, आणि 'कालु' म्हणजेच चतुर्थांश. तमिळमध्ये 'काल्' म्हणजे पाय, आणि 'काल्' म्हणजेच चतुर्थांश. तीन चतुर्थांशाला कन्नडमध्ये 'मुक्कालु' आणि तमिळमध्ये 'मुक्काल्' म्हणतात. शब्दशः, तीन पाय. या भाषा संस्कृताच्या कुळातल्या नाहीत, 'काल्' आणि 'पाद' यांत ध्वनीचे काडीमात्र साम्य नाही. तरीही विचार तंतोतंत तोच : चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे पाव. भारतात भिन्न कुळांच्या भाषा हजारो वर्षे एकाच गोठ्याकडे पाहत आल्या, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने व्याकरणाच्या जाड ग्रंथाआधी हा एक शब्द पाहावा. तेलुगूने तर दोन्ही घरांशी संबंध ठेवला. तिथे पाय 'कालु'च, पण चतुर्थांशासाठी 'पावु' हा उत्तरेकडचा शब्द रुळला. पाऊण म्हणजे 'मुप्पावु', तीन पाव. आणि पावणेतीन वाजले हे सांगताना हैदराबादेत 'पावु तक्कुव मूडु' म्हणतात, म्हणजे पाव कमी तीन. मराठीतल्या 'पावणेतीन'मध्ये जो 'उणा' लपलेला आहे, तो तेलुगूत उघड बोलला जातो.

तात्पर्य, मापाचा पाव आणि हिंदीचा पाँव यांचे नाते खरे आहे. ते दोघे एकच. कथेतला हा एवढा भाग बरोबर, आणि त्यामुळेच ती कथा पटते.

देवळातला 'पाव' मात्र या घराण्यातला नाही. त्याचे मूळ संस्कृत 'प्राप्', म्हणजे पोचणे, मिळवणे. प्राकृतात 'पावइ', मराठीत 'पावतो'. हिंदीतला 'पाना' आणि बंगालीतला 'पाओया' हे त्याचे भाऊ. त्यांच्यात अर्थ मिळवण्याकडे झुकला; हिंदी भक्त देवाला 'पातो', म्हणजे भक्त कर्ता आणि देव कर्म. मराठीत 'पोचणे' हा जुना अर्थ जिवंत राहिला आणि म्हणून देव भक्ताला पावतो. कर्ता देव आहे, तो भक्तापर्यंत येऊन पोचतो. नवसाला पावणारा, हाकेला पावणारा हे प्रयोग यातूनच आले. एवढ्याशा क्रियापदाने भक्तीची दिशाच बदलली. याच धातूची एक व्यवहारी कन्या आहे, 'पावती'. पैसे पोचले, याची लेखी कबुली. शाळेच्या कचेरीत शुल्क भरल्यावर मिळणारा कागद आणि गाभाऱ्यातली प्रार्थना एका मुळाच्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. 'मान्यता पावणे' आणि 'नाश पावणे' या परस्परविरुद्ध गोष्टींनाही हेच क्रियापद चालते.

आता राहिला तिसरा, म्हणजे भट्टीतला.

पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतले आणि 1534 साली वसई त्यांच्याकडे आली. ते ज्या भाकरीवर वाढले होते ती येथे मिळत नव्हती. गहू होता, पण आंबवून फुगवून भट्टीत भाजण्याची रीत कोकणात नव्हती. पीठ फुगवण्यासाठी लागणारे किण्व सहज मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे ताडीसारखा आंबणारा रस, त्याच्या जागी वापरली गेली. अशा रीतीने युरोपातल्या भाकरीला कोकणच्या माडाची चव लागली. त्या भाकरीचे पोर्तुगीज नाव 'पांव' असे नाकातून उच्चारले जाते. ती भाजणाऱ्याला पोर्तुगीजमध्ये 'पादेइरो' म्हणतात. गोव्यात त्याचा 'पोदेर' झाला आणि सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत तो आजही दारी येतो.

या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी. त्याचेच स्पॅनिशमध्ये 'पान', इटालियनमध्ये 'पाने' आणि फ्रेंचमध्ये नाकातला 'पँ' झाले. दोन स्वरांमधला 'न' गाळून त्याचा नाद आधीच्या स्वरावर ठेवण्याची पोर्तुगीज भाषेला सवय आहे. म्हणून तिथे 'न' गेला आणि अनुनासिक उरले. पोर्तुगीज गलबते जिथे जिथे लागली तिथे हा शब्द उतरला. जपानीत पावाला 'पान' म्हणतात, तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडूनच गेला. श्रीलंकेत सिंहली भाषेत 'पान्'. गुजरातीत 'पाउं', आणि त्यातले अनुस्वार लिस्बनच्या नाकातले आहे. बंगालीने अनोळखी नावाला ओळखीचे शेपूट जोडून 'पाउरुटी' केले, हिंदीने 'पावरोटी'. म्हणजे शब्दशः भाकरी-भाकरी. मराठीने शेपूट जोडले नाही, पण अनुनासिक गाळले, आणि तेथेच घोटाळ्याला दार उघडले. 'पांव' उच्चार टिकता तर पाव किलोशी त्याची गाठ पडली नसती. (अर्थात मग हिंदीतल्या पायाशी अधिकच घट्ट पडली असती.)

मराठीला पोर्तुगीजांनी दिलेले शब्द मोजायला बसले तर पाव एकटा पडत नाही. बटाटा, कोबी, अननस, चावी, पगार, फीत, घमेले, तुरुंग, बिजागरी हे सारे त्याच वाटेने आले. 'पाद्री'ही त्यांच्याबरोबरचाच. तो दिसतो 'पाद'सारखा, पण आहे लॅटिन 'पातेर'चा, म्हणजे संस्कृत 'पितृ'चा चुलतभाऊ. दिसण्यावरून नाते ठरवणाऱ्याची येथे चांगलीच फजिती होते. आणि 'पानिस'चा एक वंशज तर मराठी इतिहासात भलत्याच वेषात शिरला. लॅटिनमध्ये 'कोम्' म्हणजे सह. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, आणि त्यांचा मेळा म्हणजे फ्रेंच-इंग्रजीतून आलेली 'कंपनी'. ज्या कंपनी सरकारने 1818 साली पेशवाई बुडवली, तिच्या नावात मुळात एका ताटातली भाकरी होती.

आता त्या पायाच्या कथेकडे. भाषाशास्त्रात अशा कथांना लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्दाचे मूळ ठाऊक नसले की मन स्वस्थ बसत नाही. जवळच्या ध्वनीचा शब्द शोधून त्यावर गोष्ट रचते. पावाविषयी अशा दोन गोष्टी आहेत. एक पायाने तुडवण्याची, दुसरी चार तुकड्यांची : लादीचे चार भाग करतात, एक भाग म्हणजे पाव. दुसरी निरुपद्रवी आहे. पहिली तशी नाही.

दोन्ही कथा एकाच परीक्षेत नापास होतात, आणि ती परीक्षा शेजारच्या भाषांची आहे. खाण्याचा पाव जर चौथ्या हिश्श्यातून निघाला असता, तर गुजरातीत त्याला 'पा' म्हटले असते, कारण तिथे चौथा हिस्सा 'पा' आहे. तिथे तो 'पाउं' आहे. बंगालीत चौथा हिस्सा 'पोआ', तेव्हा भाकरी 'पोआरुटी' व्हायला हवी होती. ती 'पाउरुटी' आहे. पायातून निघाला असता, तर बंगालीत 'पारुटी' आणि गुजरातीत 'पगरोटी' असे काहीतरी व्हायला हवे होते. गुजरातीत तर पायाला 'पग' म्हणतात, तिथे ही कोटी जुळतच नाही. आणि तरीही पाव तिथे 'पाउं'च आहे. हिंदीत आणि मराठीत झालेला ध्वनींचा योगायोग शेजारच्या घरी गेला की उलगडतो. मराठीच्या भिंतींच्या आतच राहून हा प्रश्न सुटला नसता. ज्या मुलाच्या घरी मराठी, वर्गात हिंदी-इंग्रजी आणि अंगणात गुजराती किंवा कन्नड किंवा बंगाली असते, त्याच्याजवळ या परीक्षेचा सगळा पुरावा आधीपासूनच असतो.

राहता राहिला पीठ खरोखर पायाने मळत की नाही, हा प्रश्न. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमधल्या लोकांविषयी लिहून ठेवले आहे की ते पीठ पायाने आणि चिखल हाताने मळतात. पिठाचा गोळा मोठा असेल तर अशी रीत कोठेही पडू शकते. पण त्याचा शब्दाशी संबंध नाही. गोव्याच्या किनाऱ्याला गलबत लागण्यापूर्वीच लिस्बनमध्ये त्या भाकरीचे नाव ठरलेले होते, आणि लिस्बनच्या लोकांना हिंदी 'पाँव' ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मग ही कथा इतकी का चिकटली? कारण तिच्या आधीच एक भय तयार होते. परक्या हाताने मळलेले, परक्या आंबवणाने फुगलेले, परक्या भट्टीत भाजलेले अन्न. सोवळ्याच्या कल्पनेत पावाला जागा नव्हती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि पाणी पिणारे सारे गाव बाटले, अशा कथा वसई-गोव्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याचा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांची नावे त्यात होती. यादी वृत्तपत्रात देणारे गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाई जोशींचे पती. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्याचे आणि बिस्किटाचे जिथे एवढे झाले, तिथे पावाची काय कथा. पाव भाजणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती, इराणी किंवा मुसलमान. त्यांच्या मालाला नाव ठेवायला 'पाँव' हा शब्द आयताच हाताशी आला, आणि किळसेला व्युत्पत्तीचा आधार मिळाला. शब्दाचे खोटे मूळ सांगणे नेहमीच निष्पाप नसते, एवढे यातून दिसते. आज तोच पाव वडा, मिसळ आणि भाजी यांच्या संगतीने परप्रांतात मराठीपणाची खूण म्हणून मिरवतो. कथा मात्र अजून फिरते आहे.

ध्वनीवर भरवसा ठेवणाऱ्याला जगभर असेच चकवे भेटतात. पोर्तुगीजमध्येच अनुनासिक सोडून 'पाउ' म्हटले तर त्याचा अर्थ लाकूड, काठी. ब्राझील देशाचे नाव ज्या लाल लाकडावरून पडले ते 'पाउ-ब्राझील'. लिस्बनच्या दुकानात मराठी उच्चाराने पाव मागणारा म्हणजे लाकूड मागणाराच. मलेशियात आणि सिंगापुरात वाफवलेल्या गोल, पांढऱ्या, मऊ पदार्थाला 'पाउ' म्हणतात. दिसायला पावाचा भाऊ, नावही तेच, आणि पोर्तुगीज मलाक्कात होतेही. एवढा पुरावा कोणालाही पुरेसा वाटेल. परंतु तो चिनी शब्द आहे, त्याचा अर्थ गुंडाळणे, आणि पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्याला लागण्याच्या कित्येक शतके आधीपासून चिनी लोक तो पदार्थ त्याच नावाने खात आले आहेत. हवाई बेटांच्या भाषेत 'पाउ' म्हणजे संपले. जुन्या कन्नडमध्ये 'पावु' म्हणजे साप. पुढे आरंभीच्या 'प'चा 'ह' होऊन तो 'हावु' झाला. इंग्रजीत जनावराच्या पंजाला 'पॉ' म्हणतात, आणि तो तर पाँवच असे वाटते. तो जुन्या फ्रेंचमधून आलेला आहे. संस्कृतातल्या आरंभीच्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, 'पितृ'चा 'फादर' आणि 'पंच'चा 'फाइव्ह'. त्या हिशोबाने 'पाद'चा खरा इंग्रज भाऊ 'फूट'. तोच फूट मोजपट्टीवर बारा इंचांचा होऊन बसला. म्हणजे इंग्रजांनीही पायाचे माप केले, फक्त त्यांनी पायाची लांबी घेतली आणि येथल्यांनी पायांची संख्या.

अशा गुंत्यात कोशकाराला फार सावध राहावे लागते. एकाच शब्दाचे अर्थ वाढत गेले, की वेगवेगळे शब्द झिजत झिजत एकसारखे दिसू लागले, हे त्याला ठरवावे लागते. पाय आणि चतुर्थांश हे पहिल्या प्रकारचे उदाहरण. मापाचा, प्रार्थनेचा आणि भट्टीचा पाव हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्याला कोशात एक नोंद पुरते, दुसऱ्याला तीन लागतात. कृ. पां. कुलकर्णी यांनी 1946 साली मराठीचा व्युत्पत्तिकोश दिला तो अशाच प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी. त्याच्या आधी, गोव्यात आसगाव येथे जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादो यांनी आशियातल्या भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द गोळा करून 1913 साली एक मोठा कोश सिद्ध केला होता. ते धर्मगुरू होते आणि घरची भाषा कोंकणी. परक्या राज्यकर्त्यांचे शब्द कोकणीत, मराठीत, गुजरातीत, बंगालीत, सिंहलीत, जपानीत कसे बदलले, हे त्यांनी एकेका शब्दाचा पाठलाग करून नोंदवले. तो ग्रंथ पोर्तुगीज भाषेत असल्याने भारतीय वाचकांना बंदच होता. त्याचे इंग्रजी भाषांतर आंथनी झेवियर सोअरिश यांनी केले आणि ते 1936 साली निघाले. मुंबईहून नव्हे, पणजीहूनही नव्हे, तर बडोद्याहून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. गुजराती प्रजेच्या, मराठी राजघराण्याच्या नगरीत, गोव्याच्या एका कोंकणी विद्वानाच्या पोर्तुगीज ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्या नगरीच्या बाजारात तेव्हा चौथ्या हिश्श्याला 'पा' म्हणत होते, भाकरीला 'पाउं' म्हणत होते, आणि वाड्यातल्या मराठी घरांत दोन्हींना 'पाव'.